हा बिब्ब्याचा डाग नाही, वहिनी

वहिनी, टाचेवरून माणूस मरतं हे मला अजून पटलेलं नाही. छातीत कळ येऊन जातं, साप चावून जातं, कोळशाच्या ट्रकखाली येऊन जातं. अशी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण टाचेवर चिंचोक्याएवढा एक काळा डाग, न दुखणारा, न खाजणारा, आणि त्यावरून तुझ्यासारखी धडधाकट बाई उठून जाते, हे कुणाला सांगायला लागले की माझंच बोलणं मला खोटं वाटतं. दुकानात येणारे विचारतात, "वहिनी कशानं गेल्या?" मी म्हणते, "कॅन्सरनं." ते म्हणतात, "कायचा?" मी म्हणते, "कातडीचा." मग ते माझ्याकडे असे बघतात की जणू मी तराजूत काटा मारला.

कातडीचाही होतो हे त्यांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. पण कातडीतलं सगळं ठाऊक असणारी आपल्या घरात तू होतीस, आणि माझं भांडण तिथंच आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मांडव भरून बाया आल्या होत्या. तू बघायला हवं होतंस. आशाताई म्हणून औषधांची पिशवी घेऊन तू ज्यांच्या दारात उभी राहिलीस, त्या सगळ्या. एकेक उठत होती आणि तू तिचं काय ओळखलंस ते सांगत होती. कुणाच्या पोरांची खरूज तू बोटांच्या बेचक्यांतून ओळखली होतीस आणि "एकाले औषध लावून काई होत नाई, अख्खं घर एकाच दिवशी लावा, अंथरुणं उकळत्या पान्यात टाका" असं दम देऊन सांगितलं होतंस. कुणाच्या पोरीच्या छातीवर आणि मानेवर पांढुरके ठिपके आले, तर सासरकडचे कोड कोड म्हणून कुजबुजायला लागले. तू भर बैठकीत ठिपक्यावर नख फिरवलंस, कोंडा निघाला तो सगळ्यांना दाखवलास आणि म्हणालीस, "ही शिबं हायेत. कोडाले कोंडा नसते. लग्न मोडायचं असन तं दुसरं कारन शोधा." ती पोरगी मांडवात मागे बसून रडत होती, कडेवर लेकरू घेऊन.

मी पुढच्या सतरंजीवर बसले होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. प्रत्येकीचं ऐकून मनात एकच येत होतं: हिचं ओळखलं, तिचं ओळखलं, मग स्वतःचं काऊन नाही?

तू माझंही ओळखलं होतंस, ते मी मांडवात सांगितलं नाही. इथं सांगते. परकराच्या नाडीखाली मला गजकर्ण झालं होतं. बाजारात दिवसभर गोणपाटावर बसायचं, घाम जिरायचा तिथंच. मी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की खाज दुसऱ्या दिवशी बंद, सोडली की दुप्पट. असं करत करत कंबरेचा वेढा मांडीपर्यंत उतरला. तुला मी दाखवलंही नव्हतं. मी बसल्या बसल्या सारखी नाडी सरकवत होते, ते तू पाहिलंस. दार लावलंस आणि म्हणालीस, "दाखवा." मी म्हटलं, "काई नाई, घामोळ्या हायेत." तू म्हणालीस, "घामोळ्याले कड नसते, बाई. दाखवा."

ती ट्यूब तू माझ्यादेखत मोरीत पिळून टाकलीस. नवीन होती. मी केवढी भांडले.

"हे मलम खाज मारते, गजकर्ण नाई मारत," तू म्हणालीस. "आतून त्याले खाद्य देते. चामडी पाहा, कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली."

मग डॉक्टरच्या गोळ्या घ्यायला लावल्यास, आणि खाज गेल्यावरही थांबू दिल्या नाहीस. मी महिनोनमहिने घेतल्या. मी, जी कुणाच्या पहिल्या शब्दावर चिंचेचं पोतंसुद्धा उचलत नाही, ती तुझ्या शब्दावर गोळ्या गिळत राहिले आणि बरी झाले. म्हणून म्हणते, वहिनी, हा व्यवहार एकतर्फी झाला. तुझ्या शब्दावर मी सगळं केलं. माझ्या शब्दावर तू चंद्रपूरची एसटी पकडली नाहीस.

काटा तुला धानाच्या रोवणीत रुतला. चिखलात कसला काटा होता कुणाला माहीत, अर्धा आत राहिला आणि कुरूप झालं. आपल्याकडे कुरुपाला जे करतात तेच तू केलंस. बिब्ब्याला सुई टोचली, दिव्यावर धरला, तेल सुटलं तसा टाचेला चटका दिला. बिब्बा माझ्याच दुकानातला. एटापल्लीच्या जंगलातून आलेला, काळाभोर, तेलानं ठासून भरलेला. कुरूप बसलं. डाग राहिला. बिब्ब्याचा डाग राहतोच, त्यात बघण्यासारखं काय? आपल्याकडे कुठल्या बाईची टाच कोरी असते?

दिवाळीत तू पाय सोडून बसली होतीस, करंज्या भरत. तेव्हा मी तो डाग पाहिला आणि माझा हात थांबला.

बिब्बा मला कुणी शिकवायची गरज नाही. लग्नाआधीपासून मी तो वेचला आहे, नवऱ्यानं सोडल्यावर त्याच्यावरच पोट भरलं, आणि आज गोंडपिपरीत माझं गोदाम आहे ते अर्धं बिब्ब्याचं आहे. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात, खोबरं किती दिवस लावायचं, डाग कसा चढतो आणि कसा उतरतो, हे माझ्या बोटांना पाठ आहे. बिब्ब्याचा डाग वरच्या सालीत बसतो. कडेला तपकिरी असतो. साल निघाली की तोही तिच्यासोबत निघतो. टाचेची साल जाड, म्हणून वेळ लागतो एवढंच. दर हंगामात माझी बोटं काळी होतात आणि पाऊस लागेस्तोवर गोरी होतात. तुझा डाग सालीत नव्हता. तो खालून वर आलेला होता. एका बाजूनं कड धरून होता आणि दुसऱ्या बाजूनं ओल्या कागदावर शाई सांडावी तसा पसरलेला. काळ्यात मधेच निळसर, मधेच राखेसारखा. बिब्बा कधी दोन रंगांचा नसतो, वहिनी.

"हा बिब्ब्याचा डाग नाई," मी म्हटलं.

"काऊन? तुमच्याच दुकानातला बिब्बा हाय. नकली दिला का मले?"

"बिब्बा असली हाय. डाग नकली हाय."

तू खो खो हसलीस. सारणाचा हात तसाच वर धरून हसलीस. मला अजून ते हसू दिसतं आणि राग येतो.

"दाखवून ये," मी म्हटलं.

"काय दाखवू? दुखत नाई, खाजत नाई."

"तूच गावभर सांगत फिरतेस ना, जो चट्टा दुखत नाई, खाजत नाई, तो पयले दाखवा म्हणून?"

तेव्हा तू हसायची थांबलीस. मला वाटलं, आता सापडली. पण तू मला पोरीला समजवावं तसं समजवायला लागलीस. "ते फिक्या चट्ट्याचं हाय, बाई. फिका नाई तं लालसर, आन् बधिर. त्याले महारोगाची तपासनी लागते. हा काळा हाय. आन् हे पाहा." उजळणी घेतल्यासारखं तू पेनाचं टोक डागावर टेकवलंस. डोळे मिटलेस. "समजते. टोचलेलं समजते म्हनजे नस चांगली हाय. झालं?"

"नाई झालं. एकडाव दाखव. काई नाई निंगालं तं माह्यावर हास."

मग तू ते बोललीस. "बाई, तुमाले मालाची पारख हाय, चामड्याची नाई."

घरातले सगळे हसले. दादाही हसला. तू काही वाईट मनानं बोलली नव्हतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुला माहीत होतं मी काय काय ऐकून उभी राहिले. ओल्या मोहाचं पोतं मी नुसत्या वासानं बाजूला काढायचे तेव्हा व्यापारी म्हणायचे, बाईले काय समजते. चारोळीत मिसळलेली वाळू मी दातानं दाखवून द्यायचे तेव्हा म्हणायचे, बाईले काय समजते. एक तू होतीस, कधी तसं म्हणाली नाहीस. दुकानाची जागा घेताना दादा नको म्हणत होता, तर तूच म्हणाली होतीस, "बाईचा डोळा खोटा नसते, घेऊ द्या." आणि नेमकं ज्या दिवशी माझ्या डोळ्यावर तुझा जीव टांगलेला होता, त्या दिवशी तू व्यापाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलीस.

मी सोडलं नव्हतं. दर भेटीत पाय मागायचे. "पाय काढ." तू म्हणायचीस, "पाया पडता का?" पुढे पुढे तू मोजे घालायला लागलीस. उन्हाळ्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात, मोजे. मी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "तिले नाई समजत तं मंग कोनाले समजते?" त्याचंही खरं होतं. सगळं गाव ज्या माणसाकडे दाखवायला जातं, त्या माणसानं कुणाकडे जायचं, याचा विचारच कुणी केला नव्हता. तूही नाही.

वैशाखात तुझ्या जांघेत गाठ आली. ती तुला बोटांना लागली तेव्हा मात्र तू स्वतःहून माझ्या दुकानात आलीस. चपला बाहेर काढल्यास, मोजे काढलेस आणि माझ्यासमोर टाच धरलीस. डाग रुपयाएवढा झाला होता. मधे ओलसर जखम होती. दुकान तसंच उघडं टाकून आपण बसस्टँडवर गेलो.

चंद्रपूरच्या कातडीच्या डॉक्टरांनी काचेतून टाच पाहिली, गाठ दाबली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "बिब्ब्याचा समजून होतो." ते म्हणाले, "इकडे बरेच जण तेच समजतात. तळपायावर काळा डाग नवीन आला, वाढायला लागला, कड वेडीवाकडी झाली, तर थांबायचं नसतं." तू मान डोलावत होतीस, जसं तू बैठकीत नवीन माहिती ऐकताना डोलवायचीस. जणू हे गावात जाऊन दुसऱ्यांना सांगायचं होतं. मला ती मान बघवेना.

तुकडा काढला, नागपूरला पाठवला, तिथं तुलाही पाठवलं. तोवर ते छातीत गेलं होतं, यकृतात गेलं होतं. नागपूरच्या वॉर्डात तू शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या कोपरांवरचे खवले पाहून तिला विचारलंस, "डोक्यातई हायेत का? थंडीत वाढते का?" तिनं हो म्हटल्यावर म्हणालीस, "सोरायसिस असन. कोनाले लागत नाई ते. नवऱ्याले सांग, भांडी येगळी ठेवू नको म्हनावं." मी तिथंच तुझ्यावर ओरडले. नर्स धावत आली. मला कळेना मी कशावर ओरडते आहे. तुझी सलाईन चालू होती, तुझे डोळे पिवळे झाले होते, आणि तू दुसऱ्याची कातडी वाचत होतीस.

मी ओरडून थांबले तेव्हा तू माझा हात ओढून जवळ घेतलास. काळी बोटं पाहिलीस. आणि हळूच म्हणालीस, "बाई, तुमचा माल नव्हता तो."

एवढंच. माझं चुकलं असं तू म्हणाली नाहीस, आणि मी ऐकायला तयारही नव्हते. पण तू सौदा माझ्या नावानं सोडलास. आयुष्यभर मी ज्याच्यासाठी हटून बसत आले, ते तू माझ्या हातात ठेवलंस, आणि मला ते कुठं ठेवायचं तेच कळलं नाही. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "डोळे मीट. झोप." त्या दिवसानंतर तू शुद्धीवर कमीच होतीस. भामरागडकडचे रस्ते पावसानं बंद व्हायच्या आत तिकडचा माल उचलायचा असतो, तो मी यंदा उचललाच नाही, आणि तरीही तुझ्याजवळ बसून तुझ्याशी बोलायचं राहिलंच.

तर मांडवात. बायांचं बोलून झालं. कुणीतरी मला म्हणालं, "वच्छलाबाई, तुमी नणंद, दोन शब्द बोला." मी उठले. मला भाषण येत नाही, भाव करता येतो. समोर शंभरेक बाया बसलेल्या, पांढऱ्या साड्यांत, मांडी घालून. मी म्हटलं, "पाय दाखवा."

कुणाला कळेना.

"तळपाय. सगळ्या जणी. पाय वर करा."

मागून एक म्हातारे भाऊ म्हणाले, "वच्छलाबाई, ही काय जागा हाय का?"

"मंग कोनती जागा हाय, भाऊ? इतक्या बाया मले दुसरीकडे कुठी भेटतील?"

अडचण वेगळीच निघाली. समोर बुद्धाची मूर्ती होती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, खाली तुझा. तिकडे तळवे कसे करायचे? बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. शेवटी ती शिबंवाली पोरगी उठली, पाठीमागे अंगणाच्या बाजूला तोंड फिरवून बसली आणि पाय लांब केले. मग एकेक वळली. तुझ्या फोटोकडे पाठ करून बसलेल्या त्या बाया, आणि अंगणाच्या दिशेनं पसरलेले ते सगळे तळवे. भेगा, चिखलाचे डाग, काट्यांच्या खुणा, आणि बिब्बा. जिकडे पाहावं तिकडे बिब्बा. मी प्रत्येकीसमोर वाकले. "बिब्बा. बिब्बा. हे कुरूप हाय, डॉक्टरकडून काढ, चटके देऊ नको. बिब्बा." कुणी हसत होत्या, कुणाला गुदगुल्या होत होत्या. एकीनं विचारलं, "मालाचा भाव करून राह्यल्या का, बाई?" मी म्हटलं, "हो."

गिरजाबाईपाशी मी अडले. ती जंगलातून बिब्बा वेचून मलाच विकते, माझ्याहून वयानं मोठी आणि तोंडानं माझ्याइतकीच. तिच्या अंगठ्याखाली डाग होता. काळा, जाड सालीत गेलेला, एका कडेनं पुसट. मला सांगता येईना.

"बिब्ब्याचा हाय," ती म्हणाली. "मीच लावला."

"कधी?"

"होळीच्या आंगंमांगं."

"मंग आतापर्यंत निंगाले पायजे होता."

"माही साल जाड हाय. तोंडाची पन अन् पायाची पन."

ती हसली. तोच बिब्बा, तेच हसू, आणि तू तिच्या पाठीमागे फोटोत. मी म्हटलं, "चंद्रपूरले चल माह्यासंगं."

तिनं घासाघीस केली. धानाच्या बांध्या कोण पाहील, शेळ्या कोण सोडील. शेवटी म्हणाली, "येतो. पन बिब्ब्याचा निंगाला तं मी अख्ख्या बजारात सांगन, का वच्छलाबाईले बिब्बा ओळखू येत नाई."

"सांग," मी म्हटलं. एक शब्द कमी केला नाही.

त्याच डॉक्टरांकडे नेलं, वहिनी. त्याच बाकावर बसलो. त्यांनी काच लावून बराच वेळ पाहिलं. मग पातं घेतलं आणि वरची साल अलगद तासली. मी भिंतीकडे बघत होते. ते म्हणाले, "इकडे या, बघा." साल त्यांच्या गॉजवर काळी पडली होती, आणि खाली गिरजाबाईचा पाय स्वच्छ गुलाबी होता. "वरचंच आहे," ते म्हणाले. "बिब्बाच."

परतीच्या गाडीत गिरजाबाई उभी राहिली. कंडक्टरला सांगितलं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवाल्यांना सांगितलं, गोंडपिपरीपर्यंत जो चढला त्याला सांगितलं. "गोदाम भरून बिब्बा विकते, आन् बिब्बा ओळखू येत नाई इले." अख्खी गाडी हसत होती. एकानं मला विचारलं, "खरं का, बाई?" मी म्हटलं, "खरं हाय." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण मला दुसऱ्या कशानं रडू येत होतं ते त्यांना कळलं नसतं.

मी तुझ्याकडे याहून जास्त काही मागितलं नव्हतं, वहिनी. असंच चार माणसांत माझ्यावर हसायचं होतंस.